चार्म ब्रेसलेट वाचायचं कसं

चार्म ब्रेसलेट म्हणजे छोटे लटकन, म्हणजेच चार्म, अडकवलेली मनगटातली साखळी. जुनं इंग्लिश चांदीचं असं ब्रेसलेट हातात आलं की बहुतेक लोक आधी ते काट्यावर टाकतात. साठ-सत्तर ग्रॅम भरलं, आजच्या भावाने अमुक इतके होतात, विषय संपला. मोडीत घालायचं असेल तर हिशेब तेवढाच आहे. पण ठेवायचं असेल, तर त्यात काय काय नोंदलेलं आहे ते आधी वाचून घ्यावं. एकदा सोनाराने ते सोडवून, उजळून, कड्या बदलून परत दिलं की त्यातलं निम्मं वाचता येत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये ही रीत घरोघरी पोचली. मुलगी वयात आली की तिला एक जवळपास रिकामी साखळी द्यायची. तिला बदामाच्या आकाराचं छोटं कुलूप आणि फार तर एक-दोन चार्म. मग वाढदिवस, परीक्षा, पहिली नोकरी, सहल, लग्न, बाळ अशा प्रत्येक प्रसंगाला एकेक चार्म. देणारे वेगवेगळे, साखळी एकच. भरायला वीस वर्षं सहज लागायची, आणि भरत असताना ती सतत वापरात असायची. ताईत, वाघनख, बाळाच्या बिंदल्या हे आपल्याकडचे नातेवाईक म्हणता येतील, पण ते एकदा घातले की झालं. इथे गंमत भर पडत जाण्यात आहे.

अमंगल निवारणासाठी अंगावर काहीतरी लटकवणं फार जुनं आहे, इजिप्तपर्यंत मागे जाता येतं. आठवणींची वही म्हणून मनगटावर साखळी घालणं मात्र व्हिक्टोरिया राणीच्या काळात रुजलं. तिची थोरली मुलगी २१ नोव्हेंबर १८४० ला जन्मली, तेव्हापासून एका सोन्याच्या साखळीला मुलागणिक मीन्याचा एक बदाम जोडला गेला. प्रत्येक बदाम उघडतो आणि आत त्या मुलाच्या केसांची बट आहे. पहिला गुलाबी, दुसरा निळा, तिसरा लाल. १८५७ मध्ये धाकटी बिआट्रिस झाली तेव्हा नऊ पुरे झाले.

त्याहून बोलकं उदाहरण म्हणजे वॉलिस सिम्प्सनचं, जिच्याशी लग्न करण्यासाठी इंग्लंडच्या आठव्या एडवर्डने राजेपद सोडलं तिचं, कार्तिए या जवाहिऱ्याकडचं ब्रेसलेट. त्याला रत्नजडित नऊ क्रूस आहेत, मागे कोरलेल्या तारखा १९३४ ते १९४४ मधल्या. १६ जुलै १९३६ ला लंडनच्या रस्त्यात आठव्या एडवर्डसमोर एकाने पिस्तूल काढलं होतं. त्यातून तो वाचला, त्याचा एक क्रूस. ३ जून १९३७ च्या लग्नाचा एक. आणि ३१ ऑगस्ट १९४४ चा एक, तिच्या अपेंडिक्सच्या ऑपरेशनचा! राजेपद सोडलेल्या माणसाने बायकोच्या अपेंडिक्ससाठी कार्तिएकडे ऑर्डर द्यावी, हे मला त्या हिऱ्यामाणकांपेक्षा जास्त आवडतं. चार्मची जात खरी अशीच: बाहेरच्याला अर्थ लागला नाही तरी चालेल.

आता आपल्या हातातलं साधं चांदीचं ब्रेसलेट घेऊ. दहापट दाखवणारं भिंग हवं. आधी कुलूप बघा. त्याच्या मागे छापांची ओळ असते: बनवणाऱ्याची आद्याक्षरं, चालत जाणारा सिंह म्हणजे ९२५ चांदी (हजारात ९२५ भाग शुद्ध), तपासणी कार्यालयाची खूण आणि वर्षाचं अक्षर. जहाजाचा नांगर असेल तर बर्मिंगहॅम, बिबट्याचं तोंड असेल तर लंडन. यातला बराच माल बर्मिंगहॅमचा, कारण तिथल्या सराफ मोहल्ल्यात हाच धंदा होता. गव्हाच्या पेंढ्या आणि तलवार दिसली तर चेस्टर. ते कार्यालय १९६२ मध्ये बंद झालं, म्हणजे तो दागिना त्याआधीचा. शेफील्डचा मुकुट चांदीवर १९७४ पर्यंत, नंतर गुलाब. १९७५ पासून सगळ्या कार्यालयांनी ए पासून एकच अक्षरमाला सुरू केली. त्याआधी प्रत्येकाचं अक्षर वेगळं, तेव्हा आधी गाव ओळखायचं आणि मग त्या गावच्या तक्त्यात अक्षर शोधायचं. उलट केलं की वर्ष हमखास चुकतं. चांगल्या साखळीच्या प्रत्येक कडीवरही इवलासा सिंह असतो. मधल्याच दोन-तीन कड्यांवर नसेल तर त्या नंतर घातलेल्या आहेत.

चार्मवर मात्र पूर्ण छाप नसला म्हणून लगेच खोटं ठरवू नका. १९७५ पासूनच्या कायद्यात ७.७८ ग्रॅमपेक्षा हलक्या चांदीला हॉलमार्कची सक्ती नाही, आणि चार्म साधारण दीड ते चार ग्रॅमचा असतो. नुसतं ९२५ किंवा ‘सिल्व्हर’ एवढंच सापडतं, कधी तेही नाही. ८०० किंवा ८३५ दिसलं तर तो बहुधा जर्मनी-हॉलंडकडचा. हा आकडा टिपून ठेवा, दुरुस्तीच्या वेळी लागतो.

छाप नसले तरी विषयावरून काळ कळतो. ‘२१’ लिहिलेली किल्ली घ्या. इंग्लंडमध्ये सज्ञान होण्याचं वय २१ होतं, १ जानेवारी १९७० पासून ते १८ झालं. किल्लीची सवय पुढेही राहिली, पण ‘१८’ची किल्ली असेल तर ती बहुतेक १९७० नंतरची. छोट्या काचेच्या डबीत घडी घातलेली तपकिरी नोट असेल तर ती दहा शिलिंगाची, अडीअडचणीसाठी ठेवलेली. ती नोट नोव्हेंबर १९७० मध्ये चलनातून गेली. तिच्या जागी एक पौंडाची नोट कोंबलेली असेल तर बहुधा डबी नंतरची आहे किंवा कोणीतरी नोट बदलली आहे. चार्म म्हणून लावलेलं सिक्सपेन्सचं नाणं १९२० च्या आधीचं असेल तर ९२५ चांदी, १९२० ते १९४६ मधलं निम्मी चांदी, १९४७ पासून पुढचं तांबं-निकेल. वजनावर भाव करताना ही नाणी बाजूला काढायला विसरू नका.

बाकी मग चर्च, छप्पर उघडलं की आत नवरा-नवरी. बाबागाडी, पाळणा, करकोचा. प्रवासाला निघणाऱ्याला संत ख्रिस्तोफर. डच पवनचक्की, स्विस गायीची घंटा, स्पॅनिश गाढव हे सुट्ट्यांचे. आणि काळं मांजर. आपल्याकडे आडवं गेलं की चार पावलं मागे येतात, इंग्लंडमध्ये ते शुभ. त्यामुळे ‘हे अपशकुनी तेवढं काढून टाका’ म्हणत त्याची रवानगी करू नका, ते कोणीतरी भलं चिंतूनच दिलेलं आहे.

इथवर आल्यावर प्रश्न उरतो: हे एका बाईचंच आहे, की दुकानदाराने सुटे चार्म लावून भरलेलं? ऑनलाइन विकायला असतात त्यांतली बरीच भरलेली असतात. त्यात फसवणूक आहे असं नाही, फक्त भाव आणि कौतुक त्या हिशेबाने करावं. खूण सापडते जोडकडीत, म्हणजे चार्म साखळीला अडकवणाऱ्या बारीक कडीत. वर्षानुवर्षं वापरलेल्या ब्रेसलेटमध्ये जोडकड्या वेगवेगळ्या जाडीच्या असतात, कारण त्या वेगवेगळ्या सोनारांनी घातलेल्या. बऱ्याच डाख दिलेल्या, म्हणजे वितळलेल्या धातूने तोंड जोडलेल्या, असतात. जुन्या चार्मची जोडकडी वरच्या बाजूला, जिथे ती साखळीवर घासते तिथे, पातळ झालेली असते आणि साखळीच्या कडीलाही त्याच जागी खाच पडलेली असते. ही जोडी जुळते का ते बघा. चार्म झिजून गुळगुळीत आणि साखळीची कडी मात्र कोरीकरकरीत, तर तो चार्म दुसऱ्या साखळीवरून आला. सगळ्या जोडकड्या एकाच मापाच्या, चकचकीत, न डाखलेल्या असतील तर एका बैठकीत जुळवलेला माल. टेबलावर टेकणाऱ्या बाजूचे चार्म एकीकडून चपटलेले असतात, ते नक्कल करून जमत नाही.

म्हणून दुरुस्तीच्या आधी कुलपाच्या बाजूने कड्यांना आकडे देऊन दोन्ही बाजूंनी फोटो काढा. क्रम नेहमी तारखेचा नसतो. पुष्कळदा पहिले चार्म अंतरा-अंतराने लावले आणि नंतरचे मधल्या रिकाम्या जागी गेले. तरी तो क्रम मोडायचा नाही.

जोडकडी किती झिजली की बदलायची? मूळ जाडीच्या निम्मी उरली की. बदलताना तार ०.८ ते १ मि.मी. आणि आतला व्यास ३ ते ४ मि.मी. घ्या. ०.६ ची तार दिसते नाजूक, पण स्वेटरच्या धाग्यात अडकली की तोंड उघडतं आणि चार्म कुठे पडला ते कळतही नाही. उघडताना दोन चपट्या पकडी घेऊन एक टोक पुढे, एक मागे असं पिळायचं. टोकं डावी-उजवीकडे ताणली की गोल जाऊन अंडाकृती होते, पुन्हा नीट मिटत नाही आणि तार त्या जागी कमजोर पडते. मिटवताना टोकं एकमेकांना किंचित ओलांडून मागे आणा, मग ती ताठ बसतात. फट भिंगातूनही दिसता कामा नये, फटीवर डाख धरत नाही.

डाख द्यावा का? रोज घालणार असाल तर द्यावाच, पण ज्योतीखाली काय काय आहे ते आधी तपासून. चांदीचा मऊ डाखसुद्धा ७०० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो. त्या तापात मीना तडकतो, मोती आणि पोवळं जातं, नोटेची राख होते. पोकळ चार्म दोन ठशांचे अर्धे जोडून केलेले असतात. धुताना आत गेलेलं पाणी तापून वाफ झालं की शिवण फाटते, म्हणून तो आधी दोन-तीन दिवस पूर्ण वाळू द्यायचा. ८०० ची चांदी ९२५ पेक्षा लवकर ढासळते, मघाशी टिपलेला आकडा इथे कामी येतो. कुलपाला ज्योत अजिबात दाखवायची नाही. त्याच्या आत पोलादी स्प्रिंग असते, ती तापली की ताण जातो आणि कुलूप कधीच ‘टक्’ करून बसत नाही.

सगळ्यात मोठा घात शिशाचा. आधी कोणीतरी घाईने शिसं-कथलाचा डाख लावलेला असेल तर जोडावर राखाडी, मळकट गोळा दिसतो आणि सुईने सहज ओरखडा उठतो. तो तसाच ठेवून वर चांदीचा डाख द्यायला गेलं तर तापलेलं शिसं चांदीत उतरून भोकं पाडतं. आधी तो पूर्ण खरवडून काढायचा, नाहीतर त्या जागेला आगच लावायची नाही. असल्या गुंत्यात लेझर मशीन असलेला कारागीर गाठावा. झवेरी बाजारात तसे आहेत. लेझरने ताप टाचणीच्या टोकाएवढ्या जागी राहतो आणि मीन्याशेजारची कडीही जोडता येते. जोडकडीमागे पैसे थोडे जास्त जातात, ते द्यावेत. आणि ‘तेजाबात टाकून उजळू नका’ हे पावतीवर लिहून घ्यावं. तोंडी सांगितलेलं मागच्या खोलीतल्या पोऱ्यापर्यंत पोचत नाही.

घरी साफ करायला कोमट पाणी, दोन थेंब साबण, मऊ ब्रश. रिठ्याचं पाणीही चालतं. रांगोळी आणि दंतमंजन नको, बारीक नक्षी खरवडून निघते. ॲल्युमिनियम फॉइल आणि सोड्याची युक्ती चांदी पांढरीशुभ्र करते खरी, पण खोबणीतला मुद्दाम ठेवलेला काळेपणाही जातो आणि चर्चच्या खिडक्या सपाट दिसायला लागतात. उघडणारे चार्म उघडूनच वाळवायचे. पावसाळ्यात हवाबंद पिशवीत सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा. रबर बँड मात्र गुंडाळू नका, त्यातल्या गंधकाने चांदीवर काळा पट्टा उमटतो.

नवं सुरू करायचं असेल तर १८ ते १९ सें.मी.ची, चपटी बसणारी साखळी घ्या. ७ मि.मी.च्या आसपासची कडी असेल तर साधारण पंचवीस कड्या मिळतात. एकाआड एक कडीत चार्म लावले की बारा-तेरा बसतात आणि ते पुष्कळ झाले. साखळी टेबलावर चपटी ठेवून सगळे चार्म कडीच्या एकाच बाजूला लावायचे, नाहीतर मनगटावर पीळ पडतो. जड चार्म कुलपाजवळ नको, सगळं ओझं खाली घसरतं. कुलपाशेजारची सुरक्षा साखळी चार-पाच सें.मी.ची असू द्या. कुलूप उघडल्यावर हात तिच्यातून निघायला हवा, पण निसटून पडण्याइतकी सैल नको. तारीख कोरायची तर सपाट, निदान ०.८ मि.मी. जाडीच्या पत्र्यावर. पोकळ चार्मवर कोरणी आरपार जाते.

स्क्रू किंवा क्लिपवर मणी ओवायची पद्धत वेगळी. पॅन्डोरा या डॅनिश कंपनीने तसं ब्रेसलेट २००० मध्ये आणलं आणि जगभर खपवलं. डाख नाही, सोनार नाही, आज हा मणी तर उद्या तो. सोय मोठी आहे, नाकारत नाही. पण रोज क्रम बदलता येतो तिथे क्रमाला अर्थ उरत नाही, आणि मणी साखळीवर सरकत असल्याने झिजेची जोडीही जुळवता येत नाही. दुकानातून एकदम दहा मणी भरून आणण्यापेक्षा मग एक सुंदर बांगडी घ्यावी.

घरातलं जुनं असेल तर फोटोवरच्या आकड्यांपुढे चार रकाने करा: चार्म, छाप, कोणी दिला, कशाबद्दल. छापाचा रकाना तुम्ही भिंग घेऊन केव्हाही भरू शकता. शेवटचे दोन भरायला ते घालणारी आजी-मावशी समोर हवी, तेव्हा ते आधी उरका. प्रत्येक चार्म तिच्या बोटांत देऊन विचारा. नुसता फोटो दाखवला तर ‘असंच कोणीतरी दिलेलं’ एवढंच उत्तर मिळतं.