नॉटिलस १:२०० : टप्पा ३, कवच आणि पत्रे

ज्यूल व्हर्नच्या ‘ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी’ या कादंबरीतल्या नॉटिलस पाणबुडीचं हे मॉडेल, मूळ आकाराच्या दोनशेव्या भागाएवढं. सद्यस्थिती: सांगाडा आणि त्यावरचं कवच पूर्ण. मागचा शंकू पत्र्यांनी मढवून झालाय, पुढचा निम्मा. पंख्याची पाती कापून ठेवली आहेत, अजून वळवलेली नाहीत.

हे मॉडेल पाहणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: डोळे कुठे आहेत? दुसरा: पाठीवरचे करवतीसारखे दाते कुठे गेले? दोन्ही गोष्टी ज्यूल व्हर्नच्या कादंबरीत नाहीतच. त्या आल्या १९५४ च्या डिस्ने चित्रपटातून, हार्पर गॉफ यांच्या आराखड्यातून. कादंबरीत लोकांना समुद्रात राक्षस दिसला असं वाटायचं, तर बोट राक्षसासारखी दिसली पाहिजे, हा त्यामागचा विचार, आणि तो इतका बिनतोड होता की पुढची कित्येक चित्रं, खेळणी आणि झाडून सगळं स्टीमपंक (वाफेच्या यंत्रयुगावर बेतलेली कल्पित शैली) त्याच नॉटिलसवर पोसलं गेलं. अमेरिकी नौदलाची पहिली अणुपाणबुडीही त्याच वर्षी, २१ जानेवारीला, याच नावानं पाण्यात उतरली. या मॉडेलमध्ये मात्र फक्त व्हर्नचे आकडे.

ते आकडे असे: लांबी ७० मीटर, रुंदी ८ मीटर, ‘शंकूसारखी टोकं असलेला लांबट सिलिंडर’, पृष्ठफळ १०११.४५ चौ. मी., घनफळ १५००.२ घ. मी. सिलिंडर किती लांब आणि शंकू किती, हे बोटीचा कप्तान नेमो सांगत नाही. पण उलटं गणित करता येतं. मधे १० मीटरचा सिलिंडर आणि दोन्हीकडे ३०-३० मीटरचे शंकू धरले तर पृष्ठफळ येतं १०१२ आणि घनफळ १५०८. इतकं जवळ येणं योगायोग वाटत नाही. म्हणजे १:२०० ला ५० मिमी सिलिंडर आणि १५० मिमीचे दोन शंकू. सिगारपेक्षा चाती म्हणावी असा आकार.

इथे पहिली गोम. नेमोचं दालन १० मीटर लांब, ६ रुंद, ५ उंच. खोल्यांची लांबी मध्यापासून टोकाकडे मोजत गेलं (भोजनगृह ५, ग्रंथालय ५, मग दालन) तर दालन पडतं १० ते २० मीटरच्या पट्ट्यात. शंकूचा व्यास तिथे ६.७ वरून ४ मीटरवर आलेला असतो. ६ बाय ५ ची खोली त्यात बसणं शक्यच नाही. दालन दाखवायचं तर बोट फुगवा, आकडे पाळायचे तर दालन सोडा. इथे दालन सोडलंय. मध्यापासून ६० मिमी पुढे दोन्ही अंगांना लांबट खिडक्या तेवढ्या कोरल्या आहेत. चित्रपटातली मोठी गोल खिडकी या अंगावर शोभलीही नसती.

सांगाडा: १.५ मिमी स्टायरीनच्या (मॉडेलसाठीच्या प्लास्टिक शीटच्या) चकत्या. तयार व्यास ४० हवा, तर चकती ४० ची कापायची नाही. कवच ०.५ मिमी, पत्रे ०.१३, आणि ते एकमेकांवर चढतात तिथे ०.२६. म्हणून मोठी चकती ३८.५ मिमी. शंकूत दर ३० मिमीवर एक: ३८.५, ३०.८, २३.१, १५.४, ७.७.

कवचाचा उलगडा (शंकू सपाट पसरल्यावर होणारी पाकळी) कापताना बहुतेकांचा हात इथेच चुकतो. ४० व्यास धरून काढलं तर पाकळीचा कोन येतो ४७.६°, आणि गुंडाळल्यावर सांध्यावर ३ मिमी शीट जास्त उरते. शीटच्या जाडीचा मध्य धरायचा: त्रिज्या १५१.३ मिमी, कोन ४६.४°. शीट गरम पाण्यात बुडवून लाकडी शंकूवर वळवावी, पण पाणी उकळतं नको. उकळत्या पाण्यात स्टायरीन लाटा धरतं आणि त्या पुट्टीनं भरून निघत नाहीत. टोकाकडे शीट वळतच नाही, तिला चिरा जातात. म्हणून शेवटचे २० मिमी ६ मिमीच्या पितळी सळईतून कानशीनं उतरवले. पुढच्या टोकाचा छेद गोल नाही, त्रिकोणी. कादंबरीत नॉटिलसच्या धडकेनं ‘स्कोशिया’ जहाजाला पडलेलं भोक समद्विभुज त्रिकोणाचं होतं. गोल सुळ्यानं तसं भोक पडणार नाही.

आता पत्रे. दुसरी गोम इथे. रात्री बोटीच्या पाठीवर बसलेला अरोनॅक्स, म्हणजे कादंबरीचा निवेदक, सांगतो की ती काळसर, गुळगुळीत आहे, खवल्यांची नाही. पुढे उजेडात तोच सांगतो की पत्रे एकमेकांवर किंचित चढलेले आहेत, मोठ्या सरपटणाऱ्या प्राण्याच्या खवल्यांसारखे. ‘किंचित’ हा शब्द धरून बसलो. कादंबरीतलं ५ सेंमी जाडीचं पोलाद प्रमाणात ०.२५ मिमी होतं, पण त्या जाडीची पायरी बोटाला टोचते आणि रंगानंतर मगर दिसते. ०.१३ ची पायरी तिरक्या उजेडातच उमटते. दोन्ही वर्णनं त्यात सांभाळली जातात.

पत्रा ८ मिमी रुंद, त्यातला १ मिमी खाली दबतो. मागून पुढे लावत यायचं, म्हणजे उघड्या कडा मागे तोंड करतात. सरळ पट्टी शंकूभोवती गुंडाळायला जाऊ नका. ८ मिमीत परिघ ६.६ मिमीनं घटतो, त्यामुळे निमुळत्या बाजूची कड उचलून राहते. एका कड्यात १२ पत्रे धरले तर प्रत्येक पत्रा निमुळत्या बाजूला ०.५५ मिमी अरुंद कापायचा. टोकाकडे १२ चे ८, मग ६. एकूण पाचशेच्या घरात. सॉल्व्हंट (स्टायरीन विरघळवून चिकटवणारं द्रव) शून्य नंबरच्या ब्रशनं, फक्त दबणाऱ्या कडेला. जास्त झालं की पातळ शीट सुरकुतते, तो पत्रा काढून नवाच लावावा लागतो. रिव्हेट नाहीत. ३ सेंमीचं डोकं १:२०० ला ०.१५ मिमी होतं, प्रायमरखाली ते गायब. मोठे करून लावले तर पुन्हा गॉफचीच बोट.

बोट ढकलणारा पंखा: व्यास ६ मीटर म्हणजे ३० मिमी, पिच (एका फेरीत पुढे सरकण्याचं अंतर) ७.५ मीटर म्हणजे ३७.५. पात्याचा पीळ टोकाशी २२°, मध्यावर ३८°, मुळाशी (४ मिमी त्रिज्येवर) ५६°. सगळं पातं एकाच कोनात वळवलं की टेबलफॅन दिसतो. नेमो सेकंदाला १२० फेऱ्यांपर्यंत म्हणतो. तसं असेल तर पात्याचं टोक सेकंदाला २२६० मीटर धावेल, पाण्यातल्या आवाजापेक्षाही वेगात. मॉडेलचा पंखा फिरत नाही, ते एक बरं.

बोटीच्या पाठीवरच्या फलाटावर दोन बुटकी, तिरक्या भिंतींची घरं: एक सुकाणूवाल्याचं, दुसरं दिव्याचं. दिव्यात ३ मिमीचा पांढरा एलईडी, ९ व्होल्टवर १ किलोओहम रोधासह. सुमारे ६ मिलीअँपिअर पुरतात. पातळ स्टायरीनमधून उजेड आरपार येतो, म्हणून आतून आधी काळा, मग चंदेरी हात. भिंगं सुपरग्लूनं चिकटवू नयेत, वाफेनं पांढरी पडतात. पांढरा फेव्हिकॉल चालतो.

पाण्याची रेघ सर्वांत वरच्या कडेपासून ४ मिमीवर आखली आहे, कारण फलाट पाण्याबाहेर ८० सेंमीच आहे. त्या रेघेनं ३५० पैकी मधली ११० मिमी पाठच वर राहते. तळ रेझिनच्या पाण्यात बुडवायचा असेल तर रेझिन ओतण्याआधी एलईडीची तार कण्याखालून बाहेर काढून घ्यावी. पुढच्या शंकूचे अकरा कडे बाकी आहेत.