पाणी पाहून केलेली सोयरीक

मागच्या आठवड्यात आमच्या इमारतीच्या दारावर एक कागद चिकटवलेला दिसला. दुरुस्तीसाठी गुरुवारी सकाळी नऊ ते अकरा पाणी बंद राहील, एवढाच त्यावर मजकूर होता. व्हिएन्नात येऊन आम्हाला तीन वर्षे झाली आणि या तीन वर्षांत नळ कोरडा राहण्याची ही पहिलीच वेळ होती. बुधवारी रात्री मुलाला झोपवून मी कामाला लागले. दोन्ही बादल्या, पाच लिटरचा कुकर, पिठाचा रिकामा झालेला डबा, झाकणे हरवलेली तीन पातेली आणि आईने बळेच बॅगेत घातलेली पितळी कळशी, एवढे सगळे भरून झाल्यावर मी आंघोळीच्या टबाला बूच लावले आणि तोही काठोकाठ भरला. नवरा दारात उभा राहून पाहत होता. "दोन तासांचाच प्रश्न आहे," एवढेच तो म्हणाला. त्याला मी दोष देत नाही. तो पुण्यात वाढला आहे.

गुरुवारी सव्वानऊला दारावरची घंटा वाजली. समोरच्या घरातल्या आजी होत्या, ज्यांनी तीन वर्षांत जिन्यात नमस्कारापलीकडे एक शब्द माझ्याशी बोललेला नव्हता. त्या कागद वाचायला विसरल्या होत्या आणि कॉफीपुरते पाणी मिळेल का, असे विचारत होत्या. मी त्यांना आत बोलावले. कळशीतून त्यांची किटली भरताना त्यांची नजर ओट्यावरून, जमिनीवर मांडलेल्या पातेल्यांवरून फिरत न्हाणीच्या उघड्या दारापर्यंत गेली आणि त्यांनी अगदी हलक्या आवाजात विचारले, "तुमच्या गावी युद्ध झाले होते का?" माझ्या मोडक्या जर्मनमध्ये मी म्हणाले, "नाही, पाणी नव्हते." त्यांनी मान हलवली, किटली दोन्ही हातांनी धरली आणि त्या गेल्या. ते उत्तर अपुरे होते हे मला तेव्हाच कळले, म्हणून हे लिहिते आहे.

लातूरला गेले की आजही विचारणा होते, की दुबई हातात असताना तू तिकडे थंडीत कशाला गेलीस. विचारणाऱ्यांचे चुकत नाही. रेल्वेच्या सिग्नल यंत्रणेचे सॉफ्टवेअर तपासण्याचे माझे काम, आणि 2022 च्या उन्हाळ्यात कंपनीने मला दुबई, सिंगापूर आणि व्हिएन्ना या तिन्हींपैकी एक शहर निवडायला तीन आठवडे दिले होते. नवऱ्याने रीतसर तक्ता केला. पगार, कर, भाडे, शाळा, भाषा, मुंबईहून विमानाचे तास असे रकाने त्यात होते आणि जवळपास प्रत्येक रकान्यात व्हिएन्ना तिसरे येत होते. हातात येणारा पगार दुबईपेक्षा बराच कमी, भाषा नव्याने शिकायची, रविवारी दुकाने बंद. मग मी त्या तक्त्यात शेवटी एक रकाना वाढवला आणि त्याच्या डोक्यावर 'पाणी' असे लिहिले. नवऱ्याला वाटले मी थट्टा करते आहे.

माझी आजी औसा तालुक्यातली. सोयरीक ठरवताना ती मुलाचे शिक्षण, जमीन, घर यांची चौकशी सगळ्यांत शेवटी करायची. होळीला ज्या गावच्या आडाचा तळ दिसतो, त्या गावात लेक द्यायची नाही, हा तिचा नियम होता आणि तो मोडून दिलेल्या दोन लेकींची उदाहरणे ती नावानिशी सांगत असे. डोक्यावर दोन घागरी घेऊन मैलभर चालणे म्हणजे काय, हे तिने केलेले होते. परदेशातले शहर निवडणे हीसुद्धा सोयरीकच आहे, असे माझे मत झाले ते तिच्यामुळे. एकदा गेले की उन्हाळ्यात माहेरी परत यायचे, बाकी जन्म तिथेच काढायचा.

दुबईचे जवळजवळ सगळे पिण्याचे पाणी समुद्रातून येते, मीठ काढून. यंत्र चालते तोवर नळ चालतो. हे वाचल्यावर माझ्या पोटात जो गोळा आला, तो दुबईत वर्षानुवर्षे सुखाने राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीला आजवर समजावता आलेला नाही. सिंगापूरबाबत मी उघड अन्याय केला, हे कबूल करते. सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरात आणण्याचे जे काम त्या शहराने 2003 पासून 'नेवॉटर' या नावाने चालवले आहे, त्याचे वर्ग आमच्याकडे तालुक्याच्या गावी भरवायला हवेत. पण त्याच्या पाण्याचा मोठा वाटा मलेशियातल्या जोहोरहून, 1962 च्या कराराने येतो, आणि तो करार 2061 मध्ये संपतो. तेव्हा माझा मुलगा बेचाळीस वर्षांचा असेल. एवढ्या लांबच्या तारखेला कोण भितो, असे तुम्ही म्हणाल. ज्यांनी शेजारच्या जिल्ह्याकडे धरणातून पाणी सोडण्यासाठी डोळे लावून बसण्यात उन्हाळे काढले आहेत, ते भितात.

आता व्हिएन्ना. या शहरातले नळाचे पाणी आल्प्सच्या डोंगरांतल्या झऱ्यांचे आहे. पहिली वाहिनी 1873 मध्ये सुरू झाली, दुसरी 1910 मध्ये. दुसरी सुमारे 180 किलोमीटर लांबीची असून त्या वाटेने पाणी साधारण 36 तासांत शहरात पोहोचते आणि तेही केवळ उताराने, वाटेत एकही पंप न लावता. झऱ्यांभोवतीची जंगले शहराने जपली आहेत आणि पाण्याचे रक्षण 2001 मध्ये शहराच्या घटनेतच लिहून ठेवले आहे. पहिल्यांदा स्वयंपाकघरातला नळ सोडून ओंजळ भरली तेव्हा ऑगस्ट होता आणि पाणी माठातल्यासारखे गार होते. मी तीन पेले उभ्या उभ्या प्याले. फिल्टर कुठे बसवायचा, असे मी घरमालकिणीला विचारले होते, तर तिला तो प्रश्नच समजला नाही.

पहिल्या वाहिनीची योजना एडुआर्ड झ्यूस या भूशास्त्रज्ञाने आखली. शहरातले विहिरींचे पाणी दूषित, पटकीचे आजार पाठ सोडत नव्हते, म्हणून दूरच्या डोंगरातून पाणी आणावे असा त्याचा आग्रह होता. याच माणसाने पुढे 1885 मध्ये प्राचीन दक्षिण खंडाला 'गोंडवाना' हे नाव वापरले, जे आपल्या गोंडांच्या मुलखावरून आलेले आहे. किनवट-माहूरच्या जंगलातल्या माणसांचे नाव घेणारा माणूस आणि माझ्या नळाचे पाणी आणणारा माणूस एकच निघावा, याचा मला झालेला आनंद थोडा पोरकट आहे, पण मी तो लपवणार नाही.

मात्र ज्या गोष्टीने माझी झोप उडवली ती वेगळीच आहे. लातूरला वर्षाला सरासरी साधारण 800 मिलिमीटर पाऊस पडतो. व्हिएन्ना शहरात पडतो तो साडेसहाशेच्या आसपास. हे आकडे मी पुन्हा पुन्हा तपासले. जास्त पाऊस आमच्याकडे पडतो आणि तरीही 12 एप्रिल 2016 रोजी मिरजेहून दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी भरून आलेली रेल्वे पाहायला आम्हीच स्थानकावर गर्दी केली होती. येथे लगेच 'त्यांचे नियोजन पाहा आणि आपले पाहा' असे म्हणणारे भेटतात आणि त्यांचा मला राग येतो. आमचा पाऊस चार महिन्यांत, त्यातही मोजक्या दिवसांत पडतो. आमच्या पायाखाली काळा कातळ आहे, त्याच्या भेगांत मावेल तेवढेच पाणी. यांच्या डोंगरात चुनखडी आहे, ती पाऊस आणि वितळलेला बर्फ पोटात घेऊन वर्षभर झऱ्यांनी सोडत राहते. कातळाला नियोजनाने चुनखडी करता येत नाही. आणि उताराने पाणी आणण्याची विद्या म्हणाल, तर मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी, म्हणजे झ्यूसच्या अडीचशे वर्षे आधी, खडकीत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, नहर बांधली होती. डोंगरातून मातीच्या नळांनी आलेल्या पाण्यावर पाणचक्की पुढे कशी फिरत होती, हे छत्रपती संभाजीनगरला सहलीला गेलेल्या आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिले आहे. बीडची खजाना बावडी त्याहून जुनी. एवढे बोलून झाल्यावर मनात येते, की मग मांजरा नदीच्या काठाने ऊस कोणी लावला? तो काही कातळाने लावलेला नाही. आमच्याही साडेतीन एकरांत तो होता, आणि त्याच्या पैशांतूनच माझी अभियांत्रिकीची फी भरली गेली. हा मुद्दा मी चर्चेत सहसा काढत नाही.

आल्यावर पहिल्या महिन्यातली एक गोष्ट अजून खुपते. मध्य वस्तीतल्या एका उपाहारगृहात आम्ही जेवलो आणि बिलात नळाच्या पाण्याचे पैसे लावलेले होते. बाटलीचे नव्हे, नळाचे! उताराने आपोआप वाहत आलेल्या पाण्याचे. मी वाढप्याला विचारले, तर पेला धुण्याची आणि आणून देण्याची मजुरी असते, असे त्याने शांतपणे सांगितले. रक्कम किरकोळ होती, पण मी घरी येईपर्यंत धुमसत होते आणि दुसऱ्या दिवशी कार्यालयात प्रत्येकाला तो किस्सा ऐकवला. ज्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत टँकरसाठी रात्री दोन वाजता नंबर लागत होते, पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लागली होती आणि आंघोळीचे पाणी परातीत उभे राहून गोळा करून संडासाला वापरले जात होते, त्या उन्हाळ्यातही आमच्या दारात आलेल्या माणसासमोर तांब्या-पेला गेला नाही असे एकदाही झाले नाही. माझे वडील, नाना, तर टँकरवाल्या पोरालाही आधी पाणी प्यायला देत. त्याच्याच टँकरचे पाणी, आणि तो ते मोठ्या तृप्तीने पीत असे. हे सांगताना माझा आवाज चढला असावा, कारण एका सहकाऱ्याने मध्येच विचारले, की मग तुमच्याकडे पाणी फुकट असते का? मी गप्प झाले. आमच्या घरी पिण्याचा जार रोज विकत येतो.

याच शहरातल्या जुन्या कॉफीघरात मात्र कॉफीबरोबर चकचकीत तबकात पाण्याचा लहान पेला न मागता येतो, वर चमचा आडवा ठेवलेला असतो. पेला संपला की काही ठिकाणी वाढपी कपाळावर आठी घालूनच, पण दुसरा आणून ठेवतो. या एका रिवाजावर मी ते बिल माफ केले आहे. रविवारी मीठ संपले तर शेजारी मागायला जाण्याची सोय नाही, सरकारी कचेरीतल्या बाई हसत नाहीत, नोव्हेंबरात चार वाजता अंधार पडतो, या बाकीच्या तक्रारी सगळ्यांनीच लिहिलेल्या आहेत. शहराच्या मालकीची घरे आणि स्वस्त वार्षिक पास यांचे कौतुकही तुम्ही वाचलेले असेल.

श्वार्झेनबर्ग चौकात एक मोठे कारंजे आहे. पहिली वाहिनी सुरू झाली त्याच दिवशी, 24 ऑक्टोबर 1873 रोजी, तेही सुरू झाले. येथे येणारा पाहुणा त्याच्यासमोर छायाचित्र काढतो. गेल्या वर्षी आई-नाना पंधरा दिवसांसाठी आले, तेव्हा आई त्याच्यासमोर बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "किती घागरी व्हतील गं?" मी म्हणाले, ते पाणी फिरवून वापरतात. तिला ते पटले नाही. नाना बाकावर बसून रस्त्यावरच्या पिण्याच्या नळाकडे बघत होते. तो नळ कोणी बंद करत नाही म्हणून ते दोनदा उठले. जर्मनमध्ये पाण्याला 'वासर' म्हणतात, हा एक शब्द ते शिकून गेले आणि लातूरला आल्या-गेल्याला सांगतात, की लेकीच्या गावात वासरं उधळलीत.

मी त्यांना कायमचे येथे राहायला बोलावले होते. कागदपत्रांचे कठीण आहे, हे मला ठाऊक होते आणि ते नाही म्हणतील, हेही ठाऊक होते, तरी बोलावले. नाना म्हणाले, "नळ आल्यावर घरी कोण?" या वाक्यावर मी हसले, आणि विमानतळावरून परत येताना भुयारी रेल्वेत तेच वाक्य मला पुन्हा ऐकू यायला लागले. आजीचा नियम मी पाळला खरा, पण आजीने तो लेकींसाठी केला होता. मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांसाठी तिने काही नियम सांगितलेला नाही. नव्या घराच्या गच्चीवर दोन हजार लिटरच्या दोन टाक्या मी बसवून दिल्या आहेत, बोअर पुन्हा खोल करून घेतला आहे, जारवाल्याचे पैसे येथून महिन्याच्या महिन्याला जातात. एवढे केले आहे.

गुरुवारी पाणी अकराला येणार होते, ते पावणेअकरालाच आले. नवऱ्याने टबाचे बूच ओढायला हात घातला आणि मी ओरडले. त्या पाण्याने शुक्रवारी फरशा पुसल्या, कुंड्यांना घातले, शनिवारी आईने शिवलेली गोधडी धुतली, तरी टब गुडघाभर भरलेलाच होता. रविवारी दुपारी आईला फोन करून हे सगळे सांगितले. ती आधी हसली, मग म्हणाली, "भरून ठिवलंस ते बरं केलंस. इथं सहा दिस झाले, नळाला अजून..." आणि मध्येच थांबली. मागून नानांचा आवाज आला, बादली आपटल्याचा आवाज आला. "यायलंय गं, यायलंय, ठेवते," असे म्हणत तिने फोन ठेवला.