प्रमाणित नाणी, छंद आणि गुंतवणूक: आमची वाटचाल

आमच्या छोट्या पेढीच्या पहिल्या माहितीपत्रकावर ‘सुरक्षित गुंतवणूक’ हे शब्द ठळक छापलेले होते. ते आम्ही पुढे स्वतःहून काढून टाकले.

तपासून प्रमाणित केलेल्या नाण्यात धोका उरत नाही, असे आम्हाला तेव्हा मनापासून वाटत असे. नाणी तपासणाऱ्या अमेरिकी कंपन्यांपैकी पीसीजीएसने १९८६ मध्ये आणि एनजीसीने १९८७ मध्ये नाण्याचा अस्सलपणा पारखून, त्याच्या स्थितीनुसार १ ते ७० या शेल्डन मापावर श्रेणी देऊन, ते सीलबंद पारदर्शक डबीत म्हणजे ‘स्लॅब’मध्ये देण्यास सुरुवात केली, आणि नाणे हाती न घेताही सौदे होऊ लागले. या सोयीमुळे अमेरिकेत मोठा पैसा बाजारात उतरला, १९८९ पर्यंत भाव चढत गेले आणि नंतर कोसळले. हा इतिहास आम्ही वाचलेला होता, पण त्याचा अर्थ एका ग्राहकामुळे कळला.

हे ग्राहक काही वर्षांपूर्वी आमच्याकडूनच घेतलेले नाणे विकायला आले. डबी तीच, श्रेणीही तीच. मात्र मधल्या काळात त्याच प्रकारची आणखी नाणी तपासणीला जाऊन त्याच श्रेणीची ठरली होती, त्यामुळे कागदोपत्री दुर्मीळ असलेले ते नाणे तितके दुर्मीळ राहिले नव्हते. त्यात आमच्या खरेदी-विक्रीच्या दरांतील फरक मिळवला, तेव्हा त्यांची मूळ रक्कमही निघेना. प्रमाणपत्र अस्सलपणाची आणि स्थितीची ग्वाही देते, उद्याच्या मागणीची नाही, हे आम्ही त्यांना विकतानाच सांगायला हवे होते.

आता आम्ही ग्राहकाला आधी भिंग देतो. ठशाचा उठाव, पृष्ठभागावरची मूळ झळाळी, नैसर्गिक रंगछटा आणि मुद्दाम चढवलेला रंग यांतील फरक त्याने स्वतः पाहावा, श्रेणीचा आकडा त्यानंतर वाचावा. एकाच श्रेणीची दोन नाणी शेजारी ठेवली, तर एक दुसऱ्याहून कितीतरी देखणे असू शकते. संग्राहकाला हे दिसते, केवळ आकडा विकत घेणाऱ्याला दिसत नाही. छंद म्हणून जमवणाऱ्यांनाही पुढे नफा होतो, आणि तो झाला की आम्हाला आनंदच वाटतो, पण त्या आशेवर आम्ही नाणे विकत नाही.

प्रत्येक पावतीवर विक्रीच्या किमतीखाली, तेच नाणे आज आम्ही परत घेतल्यास किती रक्कम देऊ, हेही आम्ही लिहितो. तो आकडा पाहून काही जण खरेदी न करताच परत जातात.