येळ्ळूरच्या शिवारात, भर उन्हात फ्लॅश

आज्जीचा धड एकही फोटो घरात नव्हता. सुगीत बेळगावहून येळ्ळूरला गेलो तेव्हा ठरवूनच कॅमेरा नेला. तिची अट एकच, "मागं गड दिसू दे." भातकापणी सुरू होती, त्यामुळे ती मोकळी झाली ती जेवणाच्या सुट्टीत, एक वाजता.

तोंड उन्हाकडं केलं तर डोळे मिटायची. पाठ उन्हाकडं केली तर चेहरा काळा, आणि चेहऱ्याला उजेड धरला की राजहंसगड पांढऱ्या आभाळात विरघळून जायचा. फ्लॅश लागणारच होता.

पहिला फोटो शटर १/१००० सेकंदावर ठेवून काढला आणि खालचा भाग काळा आला. माझ्या कॅमेऱ्याचा सिंक स्पीड, म्हणजे फ्लॅशसोबत चालणारा शटरचा सर्वांत जास्त वेग, १/२००. त्याच्या वर शटर एका क्षणी पूर्ण उघडंच नसतं, फक्त फट सरकत जाते. हाय-स्पीड सिंक करून पाहिलं. त्यात फ्लॅश बारीक बारीक झोत लागोपाठ सोडतो, ताकद फार घटते, आणि त्या उन्हापुढं तो उजेड कुठं गेला तेही कळेना.

मग सरळ हिशेब केला. आयएसओ (उजेडाला कॅमेऱ्याची संवेदनशीलता) १००, शटर १/२००, ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/११. एवढ्यात आभाळ निळं आलं, गडाची तटबंदी उमटली. पार्श्वभूमी धूसर करायच्या नादात आपण एफ/२.८ सारख्या मोठ्या छिद्राच्या मागं लागतो. इथं गडच हवा होता, मग धूसर कशाला? तसं हवंच असतं तर एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी काळसर काच, लेन्सवर लावावा लागला असता.

उरला चेहरा. फ्लॅश पूर्ण ताकदीवर, पण तीन मीटरवरून, उजेड मऊ करणाऱ्या फ्लॅशच्या छत्रीतून तो पुरेना. अंतर निम्मं केलं की उजेड चौपट होतो, म्हणून छत्री दीड मीटरवर आणली, फ्रेमच्या अगदी कडेला. वाऱ्यानं ती दोनदा उलटली. शेवटी चुलतभावाला दांडा धरून उभं केलं. पूर्ण ताकदीवर फ्लॅश पुन्हा भरायला वेळ घेतो. घाई केली की पुढचा फोटो अंधारा. प्रत्येक फोटोनंतर मी मनात पाच मोजत होतो, आणि त्या थांबण्यातच आज्जी सैलावली, कापणीवाल्या बायकांशी बोलायला लागली.

नववा फोटो जमला. डोळे उघडे, इरकलीच्या पदरावर उन्हाची कड, मागं गड. बारा बाय अठराची प्रिंट हातात दिली तेव्हा तिनं आधी गडावर बोट ठेवलं.