शाळा बघावी शेवटच्या तासाला

दहा शाळांमधून दोन निवडणं तसं सोपं असतं. फी, माध्यम, अंतर यांची चाळणी लावली की आठ आपोआप गळतात. खरा घोळ उरलेल्या दोनांचा. दोन्ही बऱ्या असतात, म्हणूनच तर उरलेल्या असतात. मग घरात तक्ता बनतो, प्रत्येक रकान्याला दहापैकी गुण. पोहण्याचा तलाव आणि वर्गशिक्षिका यांना त्यात सारखंच वजन मिळतं आणि तलाववाली शाळा दोन गुणांनी जिंकते. मूल तलावात उतरलं तर आठवड्यातून एकदा उतरणार आणि बाईंसमोर रोज बसणार, हे तक्त्याला कुठलं कळायला!

पालकांसाठी ठरवलेल्या दिवशी कुंड्यासुद्धा धुतलेल्या असतात. त्यापेक्षा साध्या मंगळवारी, शेवटच्या तासाला येऊ का, असं विचारावं. मुलं दमलेली, बाई दमलेल्या. अशा वेळी वर्गात मागे दहा मिनिटं गप्प उभं राहायचं. पुढच्या बाकांवर वर झालेले हात मोजू नयेत, ते सगळीकडे असतात. खिडकीपाशी हरवलेलं एखादं पोर हेरायचं. बाईंना ते दिसतंय का, आणि दिसल्यावर त्या जागेवरून ओरडतात की जवळ जाऊन पुस्तकातल्या ओळीवर बोट ठेवतात, एवढंच बघायचं.

वह्या मात्र मागून घ्याव्यात. शाळा हुशार मुलाची वही पुढे करते. आपण वाचनात मागे असलेल्या मुलाची मागायची, नाव झाकून चालेल. वर्षाच्या सुरुवातीचं एक पान आणि चार-पाच महिन्यांनंतरचं एक पान शेजारी ठेवायचं. 'छान' असा शेरा आणि त्याच्या वरच चार चुका तशाच, म्हणजे वही तपासलेली नाही, नुसती उलटलेली आहे. चुकलेला शब्द बाईंनी बाजूला लिहून दिलाय आणि पुढच्या पानावर मुलाने तो बरोबर लिहिलाय, असं दिसलं तर बाकी बरंच काही माफ करता येतं. मग मुख्याध्यापकांना एकच प्रश्न: दुसरी संपताना मुलाला वाचता येत नसेल तर तुम्ही काय करता? 'पालकांना बोलावतो' हे अर्धं उत्तर. रोज कोण, किती मिनिटं, कुठे बसवून वाचून घेतं, हे सांगता आलं तर पूर्ण.

पटाच्या आकड्यात एक गंमत असते. माहितीपत्रकात 'अठरा मुलांमागे एक शिक्षक' असतं आणि वर्गात चौतीस डोकी. भागाकार करताना संगीताचे, खेळाचे, सगळे शिक्षक धरलेले असतात. म्हणून गुणोत्तर नाही, वर्गातला पट विचारावा. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात १९८५ पासून चार वर्षं मुलांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं वेगवेगळ्या वर्गांत वाटून बघितलं होतं. १३ ते १७ मुलांच्या वर्गांतली मुलं वाचनात आणि गणितात २२ ते २५ च्या वर्गांपेक्षा पुढे गेली. मोठ्या वर्गाला पूर्णवेळ मदतनीस दिल्याने मात्र फारसा फरक पडला नाही. 'आमच्याकडे वर्गात दोन बाई असतात' हे ऐकून लगेच विरघळू नये. गेल्या वर्षी किती शिक्षक सोडून गेले, हेही हळूच विचारून घ्यावं.

स्वच्छतागृह दाखवायला कुणी आपणहून नेत नाही, तेव्हा आपणच जावं. कडी मुलाच्या हाताला पोचते का? साबण आहे का? घाणेरड्या जागेला घाबरून मुलं दिवसभर रोखून धरतात. त्यातून बद्धकोष्ठता होते, लघवीचा संसर्गही होतो.

अंतराचा हिशेब नकाशावर करू नये. शाळेच्या वेळेला, त्याच रस्त्याने जाऊन करावा. एका बाजूने चाळीस मिनिटं लागत असतील तर दिवसाला ऐंशी झाली. वर्षाचे दोनशे दिवस धरले तर अडीचशेहून जास्त तास. जवळची शाळा उन्नीस आणि लांबची बीस असेल, तर एवढ्या तासांची झोप आणि खेळ त्या एका गुणासाठी द्यायचे का, हा सरळ सौदा आहे. आमचं मत जवळच्या बाजूने.

मुलाला 'कुठली आवडली?' असं विचारू नये. ते घसरगुंडी बघून उत्तर देईल आणि त्याच्या मनासारखं झालं नाही की वर्षभर ऐकवेल. आधी आपण ठरवावं, मग त्याला वर्ग आणि बाई दाखवून आणाव्यात. दुसऱ्या शाळेला नकार लगेच कळवावा, तिथे कुणीतरी प्रतीक्षायादीत ताटकळत असतं.

पहिल्या महिन्यातलं रडणं हा शाळेबद्दलचा निकाल नव्हे. बरीच मुलं फाटकापाशी रडतात आणि पाच मिनिटांत आत खेळायला लागतात. पण दुसरं सत्र सुरू झाल्यावरही सुट्टीच्या आदल्या दिवशी ठणठणीत असलेलं पोट शाळेच्या आदल्या संध्याकाळी नेमानं दुखत असेल, तर डॉक्टरांना दाखवावं आणि त्याच आठवड्यात बाईंनाही भेटावं.