यवतेश्वरच्या चढावर परत जळफळाट

रविवार, रात्र

पाय पार गेलेत, झोप येत नाहीये, म्हणून लिहायला बसलेय. आज सातारा हिल हाफ मॅरेथॉन पळले, 21 किलोमीटर, टीबीनंतरची पहिली रेस. पूर्ण केली. पण मला पूर्ण केल्याबद्दल नाही लिहायचंय, त्याबद्दल सकाळपासून सगळे बोलतायतच.

छातीत पाणी झालं होतं. आधी नुसता कोरडा खोकला आणि संध्याकाळचा बारीक ताप, मग जिना चढताना डाव्या बाजूला कळ. पाठीतून सुई घालून पाणी काढलं, ताकाच्या निवळीसारखं पिवळट, आणि तपासणीत टीबी निघाला. 6 महिन्यांचा कोर्स, पहिले 2 महिने चार औषधं, पुढं तीन. गोळ्या सकाळी उपाशीपोटी घ्यायच्या, म्हणजे बरोबर माझ्या पळायच्या वेळेला. त्यातल्या रिफाम्पिसिननं लघवी केशरी होते हे डॉक्टरांनी सांगितलं होतं तरी पहिल्यांदा दचकलेच. पायराझिनामाइडनं युरिक अॅसिड वाढून घोटे असे धरायचे की बाथरूमपर्यंत भिंत धरून जायचं, आणि ही बाई म्हणे घाट पळायची. आई शेजारीपाजारी न्यूमोनिया झालाय म्हणून सांगायची. मी सरळ टीबी म्हणायचे, मग समोरचा एक पाऊल मागं सरकायचा. माझा टीबी फुफ्फुसाच्या आवरणात, थुंकी निगेटिव्ह, म्हणजे थुंकीत जंतू सापडले नाहीत, तुला काय होणार नाही बाबा, हे किती जणांना समजावत बसणार.

कोर्स संपल्यावर ज्याला त्याला एकच सांगायचं असायचं, आता आनंदासाठी पळ गं, टायमिंग कशाला बघतेस. चांगल्या मनानंच सांगतात, मला राग यायचा. पण खरी भीती वेगळीच होती, की मलाच आतून तसं वाटायला लागलं होतं. शाहू स्टेडियमवर कुणी मागं टाकून गेलं तरी काही वाटायचं नाही, जाऊ दे म्हणायचे आणि चालायला लागायचे. लोक म्हणाले तू किती शांत झालीस. शांत कसली, अंगात काही शिल्लकच नव्हतं.

आज यवतेश्वरचा घाट सुरू झाला, पाऊस भुरभुरत होता, घड्याळात पेस बघायचा नाही असं ठरवलेलं. खोल श्वास घेतला की डावीकडं अजून ओढल्यासारखं होतं, आवरण थोडं जाड झालंय ते तसंच राहणार म्हणतात. तर एका वळणावर माझ्याच वयोगटातली ती कोल्हापूरची बाई, जिला मी आधी दरवेळी घाटात मागं टाकायचे, ती बाजूनं गेली आणि वर जाताजाता म्हणाली, "छान चाललंय ताई, सावकाश या." सावकाश या! माझ्या डोक्यात जी तिडीक गेली ना, आणि त्याच क्षणी इतकं बरं वाटलं की हसायलाच आलं, चढावर हसणं म्हणजे दम वाया, पण आलं. एक्स-रे क्लिअर आला तेव्हाही एवढं बरं वाटलं नव्हतं.

तिला काही गाठता आलं नाही. वरून वळल्यावर उतारावर जोर लावला, तर मांड्या थरथरायला लागल्या, खोकल्याची उबळ आली आणि कठड्याला टेकून थांबावं लागलं. पोडियम लांबच राहिलं, माझ्या जुन्या टायमिंगच्या जवळपास पण नाही. शेवटी ती भेटली, फोटो काढला, केळं अर्धं अर्धं खाल्लं. बाई चांगलीच आहे, प्रश्न तो नाहीच.

नवरा गाडीत म्हणाला, आता महिनाभर आराम ना? मी हो म्हणलं. बुधवारी स्टेडियमवर 400 मीटरचे रिपीट, म्हणजे तेवढंच अंतर परत परत जोरात पळणं, सुरू करायचेत हे त्याला मंगळवारी रात्री सांगेन. आणि पुढच्या वर्षी मी 45 ची होतेय, म्हणजे वरच्या गटात जाणार, तिथं सगळ्यात लहान मीच असेन, आणि ती कोल्हापूरची अजून दोन वर्षं तरी खालच्याच गटात आहे, मी विचारून घेतलंय.