किट्टीची ओळख जुन्या डेबियनला पटवताना

लिनक्सच्या जुन्या डेबियन ९ आवृत्तीच्या मशीनवर किट्टी या टर्मिनल प्रोग्राममधून एसएसएच (दूरच्या मशीनवर सुरक्षित लॉगिन) केलं की लॉगिन व्यवस्थित होतं, पण पुढे सगळं अडतं. नॅनो हा मजकूर संपादक ‘एरर ओपनिंग टर्मिनल’ म्हणत उघडतच नाही, चालू प्रोग्राम दाखवणाऱ्या टॉपला ‘एक्सटर्म-किट्टी’ (किट्टी स्वतःची ओळख देते ते नाव) हा प्रकार ठाऊक नसतो. हा गुंता या आठवड्यात सुटला, म्हणून सविस्तर लिहितोय.

एसएसएच आपलं टर्म व्हेरिएबल (टर्मिनलच्या प्रकाराचं नाव) पलीकडे आपोआप पोचवतं, पण पोचतं ते फक्त नाव. कर्सर कसा हलवायचा, स्क्रीन कशी पुसायची, रंग किती, हे त्या मशीनने स्वतःच्या टर्मइन्फोत, म्हणजे टर्मिनलांच्या वर्णनांच्या साठ्यात, शोधायचं असतं. ही रीत बिल जॉय यांनी बर्कलीत व्हीआय या संपादकासाठी केलेल्या टर्मकॅप या तशाच यादीपासूनची आहे. एडीएम-३ए या टर्मिनलचे संकेत व्हीटी१०० या दुसऱ्या टर्मिनलला कळत नसत, त्यामुळे अशा यादीला पर्यायच नव्हता.

टर्मला ‘एक्सटर्म-२५६कलर’ करून मोकळं व्हा, हा नेहमीचा सल्ला. काम चालतं, पण मला तो पटत नाही. नागमोडी अधोरेखनासारख्या किट्टीच्या खास सोयी मग पलीकडच्या प्रोग्रामना दिसतच नाहीत.

त्यापेक्षा वर्णनच पाठवा. आपल्या मशीनवर ‘इन्फोकॅम्प -एक्स’ (नोंद मजकुरात छापणारी infocmp ही आज्ञा) चालवून त्याचा मजकूर पाइपने एसएसएचमधून पलीकडच्या ‘टिक -एक्स’ला (मजकुरातून नोंद तयार करणारी tic ही आज्ञा) द्यायचा. दोन्हीकडे -एक्स हवाच, नाहीतर वाढीव क्षमता गळतात. रूट म्हणजे प्रशासकाचे अधिकार लागत नाहीत, नोंद आपल्या होम डिरेक्टरीत बसते.

मात्र सुडो (रूटच्या अधिकाराने चालवणारी आज्ञा) लावून नॅनो उघडलं की तीच तक्रार परत येते! टर्म तसंच राहतं, पण रूट आपल्या होममध्ये डोकावत नाही. तिथे टिक रूट म्हणूनच चालवावं लागतं.

तयार झालेली बायनरी फाइल उचलून नेण्याच्या फंदात पडू नका. टर्मइन्फो वाचणाऱ्या एनकर्सेस लायब्ररीत ६.१ पासून मोठ्या आकड्यांसाठी ३२ बिटांचा साचा आला, आणि डेबियन ९ मध्ये ६.० आहे. उदाहरणार्थ, एका टर्मिनलात अनेक सत्रं चालवणाऱ्या टीमक्सच्या ‘टीमक्स-२५६कलर’ नोंदीत रंगजोड्या ६५,५३६ लिहिलेल्या असतात, त्या जुन्याला वाचताच येत नाहीत. मजकुरात तो आकडा ३२,७६७ केला आणि टिकने निमूट घेतलं.

राउटरसारख्या ठिकाणी टिकच नसतं. तिथे एसएसएचच्या कॉन्फिग फाइलमध्ये फक्त त्या होस्टपुरतं सेटएन्व्हने टर्म बदलतो. ही सोय ओपनएसएसएच ८.७ पासून आहे, आधी आपली आवृत्ती तपासून घ्या.